चेकच्या मागची सही: कापसाच्या पैशांचे एक प्रकरण

अमळनेर तालुक्यातील एका शेतकऱ्याने दिवाळीनंतर वेचलेला कापूस, भाव चढेल या आशेने, घरातल्या एका खोलीत छतापर्यंत रचून ठेवला होता. फेब्रुवारी संपत आला तरी भाव म्हणावा तसा चढला नाही आणि मार्चअखेर विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज भरायचे होते. म्हणून त्याने 26 क्विंटल कापूस खेडा खरेदी करणाऱ्या, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या, व्यापाऱ्याला क्विंटलमागे 7,000 रुपयांनी दिला. एकूण रक्कम 1,82,000 रुपये झाली. व्यापाऱ्याने तोच माल एका जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) 7,200 च्या भावाने घातला. जिनिंगने व्यापाऱ्याच्या फर्मच्या नावाने 2 मार्च तारखेचा 1,87,200 रुपयांचा चेक दिला. व्यापाऱ्याने त्या चेकच्या मागे फर्मचा शिक्का मारून सही केली आणि तो जसाच्या तसा शेतकऱ्याच्या हाती ठेवला. चेकची रक्कम 5,200 रुपयांनी जास्त होती, म्हणून तेवढे पैसे त्याने शेतकऱ्याकडून तिथल्या तिथे रोख घेतले. म्हणजे कापूस विकून घरी परतताना शेतकऱ्याच्या खिशातले 5,200 रुपये कमी झाले होते आणि हातात दुसऱ्याच्या नावाचा एक कागद होता.

मी त्या वेळी, ज्या शाखेत या शेतकऱ्याचे बचत खाते आहे, तेथे शाखाधिकारी होतो. माणसांची ओळख पटू नये म्हणून गावाचा उल्लेख टाळला आहे, काही किरकोळ तपशील बदलले आहेत आणि शेतकऱ्याला आम्ही शाखेत ज्या नावाने हाक मारत असू त्याच नावाने, म्हणजे ‘आप्पा’ या नावाने, इथे लिहिले आहे.

आप्पांच्या पुतण्याने 6 मार्चला भरणा स्लिप भरली, तिच्यावर आप्पांचा खाते क्रमांक लिहिला आणि चेक शाखेच्या दारातल्या पेटीत टाकला. काउंटरवर चेक देऊन स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि कोणतीही शाखा ती पोच नाकारू शकत नाही, हे त्याला माहीत नव्हते. पोच घेण्यासाठी तो खिडकीवर आला असता, तर चेक हातात घेणाऱ्या लिपिकाने नाव पाहून त्याच क्षणी त्याला थांबवले असते. पेटीतला चेक संध्याकाळी निघाला, दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवला गेला आणि मध्ये आलेल्या सुट्ट्या धरून 11 मार्चला आप्पांना परत मिळाला. सोबत एक छापील चिठ्ठी होती आणि तिच्यावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले होते, ज्यांचा अर्थ ‘त्रयस्थ पक्ष’ एवढाच होतो. चेक परत करणे बरोबर होते. पण पाच दिवस घालवून, ज्या भाषेत आप्पा वाचत नाहीत त्या भाषेतले दोन शब्द त्यांच्या हातात देणे ही माझ्या शाखेची चूक होती आणि शाखाप्रमुख म्हणून ती माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आणि पुतण्या माझ्या टेबलासमोर येऊन बसले. आप्पांनी चेक उलटा ठेवला, मागच्या सहीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “साहेब, हाऊ पैसा मना कापूसना शे. मंग मना खातामा का बरं जास नई?” (हा पैसा माझ्या कापसाचा आहे, मग माझ्या खात्यात का जात नाही?)

या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याआधी एक गोंधळ दूर करावा लागला, कारण ‘दुसऱ्याचा चेक भरता येत नाही’ हे वाक्य बँकेत सर्रास बोलले जाते आणि ते अर्धवट आहे. चेक बँकेत नेऊन कोण देतो याला काहीच महत्त्व नाही. मुलगा बापाचा चेक बापाच्या खात्यात भरू शकतो, शेजारी शेजाऱ्याचा भरू शकतो, दुकानातला नोकर मालकाचा रोज भरतो. अडचण पैसे ज्या खात्यात जायचे त्या खात्याची आहे. चेकवर ज्याचे नाव आहे त्याच्याऐवजी तिसऱ्याच माणसाच्या खात्यात पैसे जमा करायला सांगितले, की त्याला बँकेच्या भाषेत त्रयस्थाचा चेक म्हणतात. पुतण्याने चेक आणला म्हणून तो परत गेला अशी आप्पांची समजूत झाली होती, आणि आदल्या रात्री घरात त्यावरून बोलाचालीही झाली होती असे नंतर कळले.

आता सहीविषयी. चेकच्या मागे सही करून तो दुसऱ्याला देण्याची पद्धत बेकायदेशीर मुळीच नाही. पराक्रम्य संलेख अधिनियम, 1881 (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) या चेक-हुंड्यांच्या कायद्यात तिला पृष्ठांकन म्हटले आहे आणि कलम 15, 16 व 50 यांत तिचे नियम दिले आहेत. चेक ज्याच्या नावाने आहे त्याने मागे सही करून तो दुसऱ्याच्या हवाली केला, तर चेकवरचा हक्क त्या दुसऱ्याकडे जातो. पूर्वी आपल्याकडच्या बाजारपेठांत एकच हुंडी किंवा चेक दोन-तीन हातांतून फिरत असे आणि प्रत्येक जण मागे सही करत असे. व्यापाऱ्याने आप्पांना “सही केली, म्हणजे चेक तुमचा झाला” असे सांगितले, त्यामागे हीच जुनी समजूत होती, आणि तो चेक साधा असता तर ती समजूत बरीचशी खरीही ठरली असती.

चेक साधा नव्हता. मी तो सुलटा केला आणि डाव्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघा आप्पांना दाखवल्या. नुसत्या दोन रेघा असत्या तर त्यांचा अर्थ एवढाच झाला असता की ही रक्कम खिडकीवर रोख मिळणार नाही, ती कुठल्या तरी बँक खात्यामार्फतच मिळेल. कायद्याच्या कलम 123 मध्ये या साध्या रेखांकनाची व्याख्या आहे आणि असा चेक मागे सही करून पुढे देता येतो. रेघांमध्ये ‘नॉट निगोशिएबल’ असे लिहिले, तर कलम 130 प्रमाणे चेक पुढे देता येतो, पण देणाऱ्याचा हक्क जेवढा, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोरलेला चेक सद्भावनेने घेणारा माणूसही मग त्याचा मालक होत नाही. आप्पांच्या चेकवर मात्र रेघांच्या मध्ये ‘अकाउंट पेयी’ असे छापले होते. हे दोन शब्द 1881 च्या कायद्यात नाहीत. ते बँकांच्या वहिवाटीतून आले आणि त्यांचा अर्थ आहे: ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्याच खात्यात जमा करा.

बरीच वर्षे ही वहिवाट काही ठिकाणी कसोशीने पाळली जात असे आणि काही ठिकाणी ओळखीपाळखीवर सैल सोडली जात असे. 2005 च्या सुमारास कंपन्यांच्या समभाग विक्रीतील गैरप्रकारांची चौकशी झाली, तेव्हा वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावाचे असे चेक भलत्याच मध्यस्थांच्या खात्यांत जमा झाल्याचे उघडकीस आले. त्यानंतर जानेवारी 2006 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की अकाउंट पेयी चेक नाव असलेल्या व्यक्तीखेरीज अन्य कोणाच्याही खात्यात जमा करू नये, आणि चेक देणाऱ्याला तशी मुभा हवी असेल तर त्याने रेखांकनातले ते शब्दच काढून घ्यावेत. मागची सही खरी आहे, व्यापारी समोर उभा राहून हो म्हणतो आहे, शेतकरी तीस वर्षांचा खातेदार आहे, या सगळ्या गोष्टी खऱ्या असूनही त्या नियमापुढे माझ्या हातात काही उरत नाही. बँकेचे स्वतःचे संरक्षणही त्यातच आहे. कलम 131 प्रमाणे बँकेने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता ग्राहकासाठी रेखांकित चेकची वसुली केली, तर पुढे त्या चेकवरचा हक्क सदोष निघाला तरी बँक खऱ्या मालकाला देणे लागत नाही. अकाउंट पेयी चेक दुसऱ्याच्या खात्यात घेणे हा निष्काळजीपणाचा ढळढळीत पुरावा ठरतो आणि हे संरक्षण जाते.

पुतण्याने विचारले, “मग जिनिंगवाले ते शब्द काढून का देत नाहीत?” याचे कारण आयकरात आहे. त्या वेळी लागू असलेल्या आयकर कायदा, 1961 च्या कलम 40-अ (3) प्रमाणे व्यवसायातला खर्च म्हणून एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रक्कम अकाउंट पेयी चेक, तसाच ड्राफ्ट किंवा बँकेतून थेट हस्तांतरण यांखेरीज दिली, तर तो खर्च करासाठी अमान्य होत असे. शेतमाल पिकवणाऱ्याला थेट पैसे दिले तर या नियमात सूट होती. जिनिंगने मात्र माल व्यापाऱ्याकडून घेतला होता आणि व्यापाऱ्याला ती सूट लागू नव्हती. म्हणून कोणतीही हिशेबी जिनिंग ते दोन शब्द छापलेलेच चेक वापरते, आणि ते शब्द स्वतः खोडून देण्यास सहजासहजी तयार होत नाही.

टेबलावर मग एकेक तोड सुचवली जाऊ लागली. फर्मचे नाव खोडून वर आप्पांचे नाव लिहावे आणि जिनिंगने शेजारी सही करावी, ही पहिली. पूर्वी असे चालत असे. आता चेकची प्रतिमा पाठवून वसुली होते, कागद पुढच्या बँकेत जातच नाही, आणि या पद्धतीत मुदतवाढीसाठी तारीख बदलण्याखेरीज कोणतीही खाडाखोड असलेला चेक स्वीकारला जात नाही. चुकलेला चेक रद्द करून नवा लिहिणे हा एकच मार्ग राहतो. (4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सतत पुढे पाठवले जाऊ लागले असून वसुलीचा वेळ दिवसांवरून तासांवर आला आहे, पण नावाचा नियम त्याने तसूभरही बदललेला नाही.)

दुसरी तोड पतसंस्थेची होती, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण खान्देशात हा सल्ला हमखास मिळतो. गावात चौकात पतसंस्था असते, तिचा व्यवस्थापक घरचा असतो, आणि “तिथे टाक, ते करून घेतात” असे सांगणारे चार जण भेटतात. या सल्ल्यात तथ्याचा एक कण आहे. पतसंस्था ही बँक नाही, ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते आणि चेकच्या समाशोधनात (बँकांमधल्या चेकच्या देवघेवीत, म्हणजे क्लिअरिंगमध्ये) तिला स्वतःला स्थान नसते. तिच्या सभासदांना त्यांच्या नावाचे चेक वटवता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने 2006 च्या मनाईत पुढे एक सवलत दिली. सभासदाच्या नावाचा, 50,000 रुपयांपर्यंतचा अकाउंट पेयी चेक बँक पतसंस्थेच्या खात्यात घेऊ शकते, मात्र वसूल झालेली रक्कम ज्या सभासदाच्या नावाने चेक आहे त्याच्याच खात्यात जमा करू असे पतसंस्थेने लेखी द्यावे लागते. आप्पांच्या चेकला ही सवलत दोन कारणांनी लागू नव्हती: रक्कम 1,87,200 होती आणि चेकवर नाव फर्मचे होते. यातले दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सवलत सभासदाला स्वतःचे पैसे मिळावेत यासाठी आहे, एकाच्या नावाचे पैसे दुसऱ्याला मिळावेत यासाठी नाही. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला बँक ठेवींसारखे 5 लाख रुपयांचे विमा संरक्षण नसते, हेही मी आप्पांना सांगितले. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये ठेवी अडकल्याने किती घरांचे लग्नकार्य आणि दवाखाने अडले हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आप्पांनी नुसती मान हलवली.

तिसरी तोड सगळ्यात सरळ होती आणि तीच कोणी बोलत नव्हते. व्यापाऱ्याने चेक स्वतःच्या फर्मच्या खात्यात भरावा आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना पैसे पाठवावेत. तो असे का करत नाही, हे मी आप्पांना विचारले, तेव्हा पुतण्याने खाली बघत उत्तर दिले. व्यापारी म्हणाला होता की त्या खात्यात टाकले तर बँक कापून घेईल. फर्मचे खाते दुसऱ्या एका बँकेत कॅश क्रेडिटचे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल घेता येणारे कर्जखाते, होते, उचल मर्यादेच्या वर गेली होती आणि व्याज थकले होते. अशा खात्यात आलेली रक्कम आधी थकबाकीत जिरते आणि मर्यादेत जागा झाल्याखेरीज व्यापाऱ्याला त्यातून पैसे काढता येत नाहीत. हाच चेक त्याला स्वतःच्या वैयक्तिक बचत खात्यातही टाकता येत नव्हता, कारण नाव फर्मचे होते. म्हणून त्याने तो आप्पांच्या हातात दिला होता. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. त्रयस्थाचा चेक पुढे करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काळेबेरे असते असे मी म्हणणार नाही, गावाकडे अनेकदा ते केवळ सोयीसाठी होते. पण आपल्या नावाचा चेक माणूस आपल्या खात्यात भरत नाही, तेव्हा त्या खात्यात काहीतरी अडचण असण्याचा संभव मोठा असतो, आणि ती अडचण चेकसोबत घेणाऱ्याच्या अंगावर येते.

आप्पांच्या अंगावर ती कशी आली होती हे मी त्यांना त्याच 1881 च्या कायद्यातील कलम 138 च्या आधारे समजावले. चेक न वटल्यास फौजदारी कारवाईची तरतूद 1 एप्रिल 1989 पासून लागू आहे. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात न्यायालयात तक्रार करायची. मात्र हे कलम ज्याने स्वतःच्या खात्यावर चेक काढला त्यालाच लागू होते. व्यापाऱ्याने स्वतःचा चेक दिलाच नव्हता, त्याने फक्त दुसऱ्याच्या चेकमागे सही केली होती. जिनिंगच्या खात्यात पैसे भरपूर होते, तो चेक ‘बाऊन्स’ झालाच नव्हता. म्हणजे आप्पांचा सगळा माल गेला होता, वर 5,200 रुपये गेले होते, आणि ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्या विरोधात 138 चा एक कागदही त्यांच्याजवळ नव्हता. दिवाणी दावा करता आला असता. पण 31 मार्चच्या आधी सोसायटीचे कर्ज भरले नाही तर व्याजसवलत जाणार होती आणि पुढच्या हंगामाचे कर्ज लांबणार होते, आणि दिवाणी दाव्याला मार्च महिना दिसत नाही.

जिनिंगच्या वजनकाट्याची पावती आप्पांनी जपून ठेवली होती, हे त्यांचे नशीब म्हणावे लागेल. गाडी त्यांच्याच गावची होती आणि पावतीवर व्यापाऱ्याच्या नावाखाली काट्यावरच्या माणसाने आप्पांचेही नाव पेनाने लिहिले होते. मी जिनिंगच्या मुनीमजींना फोन केला. बँक अधिकारी म्हणून हे माझे काम नव्हते आणि मी त्यांना आदेश देऊ शकत नव्हतो. चेक त्याच नावाने जमा होऊ शकतो, अन्यथा तीन महिन्यांनी त्याची मुदत संपेल, तेव्हा तिघांनी बसून मार्ग काढावा, एवढेच सांगितले. मुनीमजींनी आधी नकार दिला. त्यांच्या वहीत माल व्यापाऱ्याचा होता, बिल व्यापाऱ्याचे होते, पैसे दुसऱ्याला दिले तर उद्या व्यापारी पुन्हा मागेल ही त्यांची भीती रास्त होती.

18 मार्चला तिघे जिनिंगवर भेटले. मी तिथे नव्हतो. मी आप्पांना एका कागदावर काय मागायचे ते लिहून दिले होते: मूळ चेक जिनिंगला परत द्यावा आणि तो रद्द झाल्याची खूण करून त्याची झेरॉक्स घ्यावी, फर्मच्या लेटरहेडवर व्यापाऱ्याने असे संमतीपत्र द्यावे की आपल्या येण्यातून 1,82,000 रुपये या शेतकऱ्याला थेट द्यावेत आणि तेवढे येणे फिटले असे समजावे, आणि व्यापाऱ्याने रोख घेतलेले 5,200 रुपये त्याच बैठकीत परत करावेत. व्यापाऱ्याने संमतीपत्र दिले, 5,200 मधले 3,000 त्या दिवशी दिले आणि 2,200 पुढच्या आठवड्याचे सांगितले. ते 2,200 रुपये मिळायला जून उजाडला. जिनिंगने 24 मार्चला 1,82,000 रुपये एनईएफटीने आप्पांच्या खात्यात पाठवले आणि फर्मचे उरलेले 5,200 रुपये तिच्याच नावाच्या नव्या चेकने दिले. 27 मार्चला आप्पांनी सोसायटीचा भरणा केला.

या सोडवणुकीविषयी माझ्या मनात एक प्रश्न तेव्हा होता आणि आजही आहे. कॅश क्रेडिट देणारी बँक बहुधा फर्मच्या मालासोबत तिची येणीही तारण म्हणून लिहून घेते. जिनिंगकडून येणारे 1,87,200 रुपये त्या अर्थाने त्या बँकेच्या तारणातले होते, आणि ते खात्याबाहेर वळवून व्यापाऱ्याने आपल्या बँकेशी केलेला करार मोडला असण्याची शक्यता आहे. त्या बँकेच्या अधिकाऱ्याने मला जाब विचारला असता, तर त्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. कायद्याच्या काटेकोर भाषेत आप्पा हे व्यापाऱ्याचे विनातारण घेणेकरी होते आणि बँक तारण असलेली होती. पण ज्या कापसाच्या विक्रीतून ते येणे निर्माण झाले, त्या कापसाचा एक रुपयाही पिकवणाऱ्याला मिळालेला नसताना त्यातून व्यापाऱ्याचे जुने व्याज फेडले जावे, हे मला न्याय्य वाटत नाही. मी माझ्या खुर्चीत बसून कोणताही नियम मोडला नाही, पैसे जिनिंगने स्वतःच्या निर्णयाने आणि व्यापाऱ्याच्या लेखी संमतीने दिले. तरीही त्या दुसऱ्या बँकेतल्या सहकाऱ्याला हे लिखाण वाचून राग आला तर तो मी समजू शकतो.

शाखेत आम्ही दोन गोष्टी केल्या. परतीच्या छापील चिठ्ठीला मराठी ओळींची पुरवणी जोडली, तिच्यात चेक कोणाच्या नावाचा आहे, तो कोणाच्या खात्यात भरला गेला आणि आता नेमके कोणाकडे जायचे हे लिपिकाने हाताने लिहायचे ठरले. आणि दारातल्या पेटीवर मोठ्या अक्षरांत एक फलक लावला: ‘चेकवर ज्याचे नाव, त्याच्याच खात्याची स्लिप भरा. मागे सही असली तरी दोन रेघांचा अकाउंट पेयी चेक दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. शंका असल्यास पेटीत टाकू नका, खिडकीवर दाखवा आणि पोच घ्या.’ कापसाच्या हंगामात खिडकीवर रांग वाढू लागली, तेव्हा लिपिकांनी तो फलक काढण्याची मागणी केली. मी बदलून जाईपर्यंत तो काढला नाही.